पाणी नितळ झाले, जंतू गेले का?

गेल्या आठवड्यात एक शेतकरी मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला जुलाब होत होते. तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. नाल्याचे पाणी त्यांनी कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून सोडले होते. "बघा डॉक्टरसाहेब, विहिरीसारखं झालंय. आता कोथिंबिरीला द्यायला काय हरकत?"

पाणी खरोखर नितळ होते, वासही नव्हता. तरी मी नको म्हणालो.

वाचकहो, गावच्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरला विष्ठेतले जंतू साधारण १ कोटीच्या घरात असतात. चांगला चालणारा वाफा त्यातले ९० ते ९९ टक्के कमी करतो. ऐकायला झकास वाटते. पण कोटीतले ९९ टक्के गेले तरी १ लाख उरतात! कच्च्या खायच्या भाज्यांच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली मर्यादा सांगितली होती ती १ हजाराची. म्हणून वाफ्यानंतर वाळूची गाळणी हवीच.

वाळूच्या कणांमधल्या फटी जंतूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग जंतू अडतात कसे? ते कणांना चिकटतात. कणांवर हळूहळू बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरातले सूक्ष्म जीव जंतूंना खातात. हा थर जमायला काही आठवडे लागतात. नव्या धुतलेल्या वाळूवर विसंबणारे इथेच फसतात. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे अल्टोना त्याच एल्ब नदीचे, हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी पीत होते, पण वाळूतून सावकाश गाळून. ते बरेचसे बचावले.

आपल्याकडेही नागपूरच्या 'नीरी' संस्थेने वनस्पतींच्या वाफ्याची 'फायटोरिड' ही पद्धत विकसित केली आहे. माझे मत स्पष्ट आहे. विजेचे बिल न झेपणाऱ्या छोट्या नगरपालिकांनी हाच मार्ग धरावा. आधी गाळ बसवायची टाकी, मग वाफा, मग वाळू. वाफ्याला माणशी एक ते दोन चौरस मीटर, म्हणजे हजार वस्तीला १० ते २० गुंठे जागा लागते. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते, त्यामुळे डासही होत नाहीत.

मात्र टाकीतला गाळ काढायला, झाडे छाटायला, वाळूचा वरचा थर खरवडायला कायमचा माणूस हवा. एका गावी मी चोंदलेला वाफा पाहिला. उद्घाटनाची पाटी लखलखीत, खाली डबके, डबक्यात अळ्या! अंदाजपत्रकात बांधकामाला पैसे होते, माळ्याच्या पगाराला नव्हते. आणि काढलेला गाळ लगेच भाजीच्या शेतात टाकू नये. जंतांची अंडी त्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

त्या शेतकऱ्यांना मी सांगितले, "तूर्त हे पाणी लिंबाच्या आळ्यात सोडा. खाली पडलेली लिंबं मात्र उचलू नका. कोथिंबिरीला विहिरीचंच द्या." मुलाला जलसंजीवनीची पाकिटे दिली. वाळूची गाळणी करीन म्हणाले, पण वाळूचा भाव ऐकलात का डॉक्टरसाहेब, असेही म्हणाले. त्यावर माझ्यापाशी औषध नव्हते.