दुखणें मोजावें, लपवूं नये

आमचें कोल्हापूर म्हणजे तालमींचें गांव. येथील राजाराम महाविद्यालयांत शिकलेले मल्ल खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. ऑलिंपिकमधील स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. पुढें गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र ते मुकले. गुडघा ही खेळाडूची केवढी मोठी ठेव आहे, हें यावरून कळावें.

गुडघ्याच्या वाटीस नडगीशीं जोडणारी एक जाड कंडरा असते. उड्या, धांवणें व बैठका यांचा भार एकाएकीं वाढला म्हणजे तिला इजा होऊन वाटीच्या खालच्या टोकाशीं दुखूं लागतें. हें दुखणें मोठें फसवें! अंग तापतांच तें निवतें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुनः उभें राहतें. शिवाय यंत्रानें काढलेल्या चित्रांत कंडरा बिघडलेली दिसूनही कित्येक खेळाडूंस कांहींच दुखत नाहीं. तेव्हां वेदना किती, हें ज्याचें दुखतें त्यासच विचारावें लागतें.

याकरितां १९९८ सालीं त्याच मेलबर्न शहरांतील संशोधकांनीं आठ प्रश्नांची एक मोजणी सिद्ध केली. न दुखतां किती वेळ बसवतें, जिना उतरतांना किती दुखतें, एका पायावर दहा उड्या मारल्यास काय होतें, अशा प्रकारचे ते प्रश्न. निर्दोष गुडघ्यास १०० गुण. घरींही साधी मोजणी करितां येते. शून्य म्हणजे वेदना नाहीं, दहा म्हणजे असह्य; रोज सकाळीं एका पायावर किंचित् वांकून जो आंकडा वाटेल तो वहींत टिपावा. आंकडा चढत गेल्यास भार कमी करून डॉक्टरांस दाखवावें. मात्र अगदीं निजून राहूं नये. बेताबेतानें वाढविलेल्या व्यायामानेंच कंडरेस बळ येतें.

कोणी म्हणतील, अशानें मुलें नाजूक होतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. वेदना सोसणें हें धैर्य खरें. पण ती लपविणें हें धैर्य नव्हे. मुलें खरा आंकडा कां चोरतात? संघांतून नांव कमी होईल, वस्ताद हंसतील, या भीतीनें. म्हणून पालकांस व क्रीडाशिक्षकांस आमची विनंति अशी कीं, खरें सांगणाऱ्याच्या वांट्यास शिक्षा वा उपहास येऊं देऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, सामना एका दिवसाचा, गुडघा जन्माचा! त्याच्याविषयीं खरें बोलावयास लाजूं नका.