आम्ही बघे!

गोव्याच्या कार्निव्हलचे नाव काढले की आमच्या लातुरातल्या प्रतिष्ठित गृहस्थांची मोठी गंमत होते. तोंडाने ते 'शिव शिव' म्हणतात आणि डोळे मात्र विचारतात, 'यंदा जाऊ या का?' मला या दोहोंचाही मनस्वी राग आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात आणि कोकणात कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, फराळ त्यानंतर. हा लेख वाचकांनी तसाच समजावा.

माझे गाव किल्लारीजवळचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात आमचे घर गेले. वडील थापी आणि ओळंबा घेऊन म्हापशाला गवंडीकामास गेले. मागोमाग आम्हीही गेलो. नकाशावर गोवा 19 डिसेंबर 1961 पासून परमुलूख नाही. परंतु काळ्या मातीतल्या पोराला ती तांबडी माती आणि ती बोली परकीच होती. आमच्या घराण्याला परमुलूख नवा नव्हता म्हणा! रझाकारांच्या धामधुमीत, 1948 साली, आजोबा निजामाची हद्द ओलांडून बार्शीच्या आश्रयाला गेले होते.

आमची घरमालकीण ख्रिस्ती होती. आम्ही तिला माय म्हणत असू. फेब्रुवारीत इंत्रुज आला. कार्निव्हलला तिथली जुनी माणसे इंत्रुजच म्हणतात. वाड्यावरची पोरे मुखवटे चढवून, बापाचे कोट उलटे घालून दारोदार हिंडत होती, एकमेकांवर पिठाच्या पुड्या फोडीत होती. मी भेदरून दाराआड उभा राहिलो. मायने आपल्या नवऱ्याचा जुना कोट माझ्या अंगावर घातला आणि मला रस्त्यावर ढकलले. भूकंपानंतर मी खदखदून हसलो तो दिवस हा. मंगळवारच्या रात्रीपर्यंत माय आमच्याबरोबर हसत होती; बुधवारी सकाळी ती कपाळाला राख लावून देवळातून आली आणि तिचा चाळीस दिवसांचा उपास सुरू झाला.

गेल्या फेब्रुवारीत मी पुन्हा तिथे गेलो, चार स्नेह्यांसह, भाड्याची गाडी करून. आधी पणजीची मिरवणूक पाहिली. ही मिरवणूक काही पुराणकाळची नव्हे. गोवा मुक्त झाल्यानंतर, साठच्या दशकात, ती सुरू झाली आणि पुढे पर्यटनाच्या हाती गेली. किंग मोमो 'खा, प्या, मजा करा' असे फर्मान काढतो आणि सजवलेले रथ निघतात. लाकडी कठड्यामागे आम्ही पाच जण मोबाइल उंचावून उभे होतो. रथावर नाचणाऱ्या मुलींविषयी माझे स्नेही जे बोलले ते या अंकात छापण्याजोगे नाही. मी त्यांना गप्प केले नाही. मीही कठड्यामागचाच!

दुसऱ्या दिवशी म्हापशाला मायच्या दारात गेलो. ती आता फार थकली आहे. तिने मला ओळखले आणि विचारले, "घरा आयलोय रे पुता, काय इंत्रुज पळोवंक?" घरी आलास, की इंत्रुज बघायला? पोरांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या मला मास्तराला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

कोणी म्हणेल, बघण्यात पाप कोणते? पाप बघण्यात नाही, निवडून बघण्यात आहे. मायचा मंगळवार बुधवारच्या राखेला बांधलेला होता. त्या सैलपणाला उंबरठा होता. आम्ही मंगळवार तेवढा उचलला आणि बुधवार तिच्या पदरात टाकला. शिवाय परत येऊन तिच्याच सणाला निर्लज्ज म्हणण्यास मोकळे! आपल्या शिमग्यातली बोंब आणि चिखलफेक तेवढी टिपून कोणी आपली संस्कृती सांगू लागला, तर आपण त्याला चहा पाजू काय? शिमग्याला आईने केलेली पुरणपोळी त्याच्या चित्रात येत नाही, म्हणूनच आपण चिडतो ना?

आणि हे दुखणे गोव्याचेच आहे असेही नव्हे. इंत्रुजाच्याच दिवसांत, महाशिवरात्रीला, आमच्या लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. पुण्या-मुंबईला गेलेली आमची मंडळी तिथे येतात, पाळण्याचे फोटो काढतात आणि 'आता पूर्वीची मजा राहिली नाही' असा निकाल देऊन रात्रीच्या गाडीने परततात. पूर्वीची मजा राहील कशी? पूर्वी ती करणारे तुम्ही होता! खेळणारा कठड्यामागे गेला की सणाचा तमाशा होतो, आणि मग तमाशा झाला म्हणून तोच नाक मुरडतो.

या दिवाळीत तुमच्यापैकी कितीतरी जण गावी आला असाल. आकाशकंदिलाचे छायाचित्र जरूर काढा; पण आधी तो टांगायला शिडी धरा. शेजारच्या म्हातारीच्या घरात जाऊन चकलीचा सोऱ्या फिरवा. तिने मायचा प्रश्न विचारला, तर माझ्यासारखे मुके होऊ नका.

येत्या इंत्रुजाला मी एकटाच म्हापशाला जाणार आहे. मंगळवारी जाईन, आणि बुधवारी तिथेच राहीन.