पगार घरी पोचतो तेव्हा

दारू सुटली की पहिला बदल उंबऱ्यावर दिसतो. संध्याकाळी कडी वाजताच कोपऱ्यात दडणारं पोर आता बापाच्या हातातली पिशवी घ्यायला धावतं. वाण्याची उधारी फिटते, सोमवारचे खाडे थांबतात, यंत्रावरचा हात स्थिर होतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही जाण या केंद्राने महाराष्ट्रात रुजवली. दारूचे जुने व्यसन एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते; त्यासाठी डॉक्टरच हवा. म्हणून कारखान्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगाराला बडतर्फ करण्याआधी उपचारांसाठी रजा द्यावी, त्याची जागा राखावी. नोकरी टिकली, तर माणूस सावरतो आणि त्याचे घरही.