जुनी गाडी, नवे पेट्रोल आणि तपासाआधीचे निकाल

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजेच ‘ई-२०’, फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागले. तेव्हापासून एखादी जुनी गाडी सकाळी सुरू होण्यास त्रास देऊ लागली, की दोन ठरीव निदाने ऐकू येतात. मालक म्हणतो, पेट्रोलच वाईट आहे. अधिकृत उत्तर असते, चाचण्यांत दोष आढळलेला नाही. गाडीचे बॉनेट मात्र दोघांनीही उघडलेले नसते.

अधिकृत बाजू निराधार नाही. कार्ब्युरेटरच्या आणि इंजेक्शनच्या गाड्या १ लाख किलोमीटरपर्यंत चालवून, दर १०,००० किलोमीटरला तपासल्या गेल्या व इंजिन थंड किंवा गरम असताना सुरू होण्याच्या चाचणीतही ई-२० उत्तीर्ण झाले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही त्याच वेळी मान्य केले. परंतु चाचणीतील गाडी नियमित चालते आणि तिची देखभाल वेळेवर होते. रस्त्यावरील पंधरा वर्षांच्या गाडीच्या टाकीत गंज असतो, फिल्टर कधी बदलला हे कोणाला आठवत नाही आणि पावसाळ्यात ती दोन-दोन महिने उभी असते. पहिल्या गाडीचा निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावणे हे शास्त्रीय सावधगिरीत बसत नाही.

या प्रश्नामागील भौतिकी सरळ आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. ई-२० साठी हा आकडा साधारण १३.५ पर्यंत उतरतो. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजिन तापल्यावर इंधन वाढवून हा फरक भरून काढते. जुन्या कार्ब्युरेटरला ती सोय नाही. त्याचे मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. शिवाय इथेनॉलच्या बाष्पीभवनाला वजनागणिक पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. म्हणून थंड सकाळी प्लगपर्यंत पोहोचणारी वाफ कमी पडू शकते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉलचा जड थर तळाशी बसतो आणि टाकीतून इंधन उचलले जाते ते तळातूनच. टाकीतील जुना चिकट साका सुटा होऊन फिल्टरमध्ये अडकतो, तो प्रकार निराळाच.

मात्र यांपैकी प्रत्येक परिणामाची लक्षणे अन्य बिघाडांशी मिळतीजुळती आहेत. म्हणूनच तपासाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम बॅटरी आणि प्लगची ठिणगी पाहावी. ती ठीक असल्याशिवाय इंधनाकडे वळू नये. पुढचा प्रश्न असा : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर अडते, की गरम असताना अर्ध्या तासाने? इंजेक्शनच्या गाडीत किल्ली दोन-तीन वेळा नुसती चालू-बंद केल्यावर ती लगेच सुरू झाली, तर इंधनवाहिनीतला दाब टिकत नसावा. दोष पंपाच्या झडपेचा, की ठिबकणाऱ्या इंजेक्टरचा, याचा शोध दाबमापक लावून घेता येतो. दाब योग्य असूनही गाडी फक्त थंड असताना अडत असेल, तर तापमानाचा सेन्सर तपासावा. त्याने इंजिन गरम असल्याचे चुकीचे कळवले तर संगणक इंधन कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक, पायलट जेट आणि फ्लोटची वाटी पाहावी. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत स्थिर ठेवले, तर खाली वेगळा थर दिसतो की नाही तेही कळते.

इथेनॉलचे प्रमाणही मोजता येते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली व ज्योतीपासून दूर, १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल हलवून स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. तळाचा थर २८ मिलिलिटरच्या आसपास गेला, तर मिश्रण सुमारे २० टक्क्यांचे आहे.

हा तपास न झाल्याची किंमत सर्वांवर सारखी पडत नाही. नव्या, ई-२० साठी बनवलेल्या गाडीच्या मालकाला हा वाद वाचनापुरता आहे. जुन्या दुचाकीवर घरपोच माल पोहोचवणाऱ्याला मात्र दोष फिल्टरचा असताना कार्ब्युरेटर बदलणे, म्हणजे कित्येक दिवसांची कमाई गमावणे होय.

धोरणाचा बचाव करायचा असेल, तर चाचण्यांचे संपूर्ण आकडे गाडीच्या वयानुसार व प्रकारानुसार सर्वांसाठी खुले व्हावेत. उभ्या राहिलेल्या, झिजलेल्या गाड्यांवरही चाचण्या व्हाव्यात. गॅरेजमधील बिघाडांची एकसारखी नोंद ठेवण्याची पद्धत आखली जावी आणि त्या नोंदींतून जुन्या गाड्यांचे नुकसान दिसले, तर कमी इथेनॉलचे पेट्रोल पर्याय म्हणून पंपावर उपलब्ध असावे. तोपर्यंत मेकॅनिकने इंधनाला दोष देण्याआधी दाबमापक लावावा, आणि मंत्रालयाने तक्रारीला अफवा म्हणण्याआधी त्याचा आकडा विचारावा.