काळाचे माप कोणाच्या हाती?

देवळीच्या परिसरात कापसाचा हंगाम सुरू झाला की एका लहानशा यंत्राकडे सर्वांचे डोळे लागतात. हमीभावाच्या खरेदीसाठी गाडी उभी राहते, कापसात ओलावा मोजणारे यंत्र खुपसले जाते, आणि त्यावर उमटलेला आकडा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरवतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर गेला तर कपात, आणि १२ टक्क्यांच्या पुढे गेला तर खरेदीच नाही. हे यंत्र कोणी तपासले, केव्हा तपासले, आणि त्याचा आकडा अमान्य असेल तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पोटाचे प्रश्न आहेत. ‘मापात पाप’ या शब्दांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती बाजार, हे त्याने अनुभवाने जाणलेले आहे.

याच देवळीवरून वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रेल्वेमार्ग जातो. त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग ज्या नांदेडकडे निघाला आहे, त्याच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ येथे, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून लेसरचा किरण धावेल, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक तेथे टिपला जाईल. ज्या विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नाहीत, तेथे एवढा पैसा असल्या मोजमापावर का खर्च करावा, असा सवाल कार्यकर्त्यांच्या बैठकांतून हमखास केला जातो. तो सवाल प्रामाणिक आहे. त्याला विज्ञानाच्या गौरवाची भाषणे हे उत्तर होऊ शकत नाही.

प्रथम हे मोजमाप काय आहे ते पाहिले पाहिजे. एका सेकंदाचे एक कोटी भाग करावेत, त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावेत. त्यांतला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. रेणूंमधील बंध जुळतात, तुटतात आणि थरथरतात ते याच मापाच्या काळात. त्याचाही हजारावा भाग म्हणजे ॲटोसेकंद. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या हालचालींचा हा काळ. विश्वाच्या जन्मापासून आजवर जेवढे सेकंद लोटले, त्यांच्या दुपटीहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात मावतात. एवढा अल्प काळ मोजू शकेल असे कोणतेही काट्याचे वा विजेचे घड्याळ नाही. म्हणून लेसरचा एक अतिक्षणिक स्पंद घेऊन त्याचे दोन भाग करतात. पहिला भाग पदार्थात क्रिया सुरू करतो. दुसरा भाग किंचित उशिरा पोहोचून त्या क्रियेचे जणू छायाचित्र घेतो. हा उशीर आरसा सरकवून घडवून आणतात. देवळीच्या कापसाचा एक तंतू घेतला तर त्याची जाडी साधारण पंधरा मायक्रॉन भरेल. आरसा तेवढाच मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन तीस मायक्रॉन अधिक चालावे लागते, आणि त्याला शंभर फेमटोसेकंद उशीर होतो. अंतर मोजता आले की काळ मोजता येतो, एवढेच यातले मर्म आहे. या रीतीने रासायनिक क्रियांचा वेध घेणारे इजिप्तमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अहमद झेवेल यांना १९९९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲटोसेकंदाच्या संशोधनासाठी २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पिएर अगोस्तिनी, फेरेंत्स क्राउस आणि ॲन लुइलिये यांना मिळाले. या संशोधनाचा इतिहास अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ॲन लुइलिये यांनी फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या साक्ले येथील प्रयोगशाळेत १९८७ मध्ये निष्क्रिय वायूवर अवरक्त लेसर सोडून निर्माण होणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. त्यातून ॲटोसेकंदांचे स्पंद प्रत्यक्ष मोजले गेले ते २००१ मध्ये; अगोस्तिनी यांनी फ्रान्समध्येच, आणि क्राउस यांनी व्हिएन्नाच्या सरकारी तंत्रविद्यापीठात. म्हणजे प्रयोगापासून मोजमापापर्यंत चौदा वर्षे गेली, आणि त्या चौदा वर्षांत विकता येईल असा माल त्यातून निघालेला नव्हता. दर तिमाहीला नफ्याचा हिशेब देणारी कोणतीही कंपनी इतका काळ थांबली नसती. हा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला. बाजार ज्याची किंमत ठरवू शकत नाही अशी काही कामे समाजाने समाज म्हणूनच करावी लागतात; मूलभूत विज्ञान त्यांपैकी एक आहे.

या कामाचा शेतीशी संबंध काय, या प्रश्नाला ऑस्ट्रेलियात घडलेले एक उदाहरण उत्तर देते. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातील ठरावीक रंगच शोषते. वर्णपटशास्त्राचा सारा डोलारा या एका सत्यावर उभा आहे. ऑस्ट्रेलियाच्या शासकीय संशोधन संघटनेत काम करणारे ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये त्यावर आधारलेली एक पद्धत प्रसिद्ध केली. मातीचा अर्क ज्वाळेत फवारायचा, जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश तीतून जाऊ द्यायचा, आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून मातीत जस्त किती हे ठरवायचे. जस्त, लोह, तांबे, मंगल यांचे दशलक्षांशातील प्रमाण सांगणारी ही यंत्रे आज माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांतून वापरली जातात. विदर्भाच्या काळ्या जमिनीत जस्ताची उणीव आहे किंवा नाही, हे शेतकऱ्याला कळते ते याच शास्त्राच्या आधारे. ऑस्ट्रेलियाने हे यंत्र मेलबर्नमधील छोट्या कारखान्यांतून स्वतः घडवले आणि जगाला विकले. सरकारी प्रयोगशाळा, देशी कारखानदारी आणि शेतकऱ्याची जमीन अशी ही साखळी तेथे जुळली. आपल्याकडे ती मधल्या दुव्यापाशी तुटते.

ती तुटली म्हणजे काय होते, हे घड्याळांच्या बाबतीत देशाने अनुभवले आहे. रुबिडियमच्या अणूच्या, सेकंदाला सुमारे ६८३ कोटी आंदोलनांवर चालणारी अणुघड्याळे दिशादर्शक उपग्रहांत बसवतात. त्यांत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते. भारताने २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहात युरोपातून विकत घेतलेली तीन घड्याळे होती. ती तिन्ही बंद पडली आणि उपग्रह त्याच्या मुख्य कामाला निरुपयोगी झाला. त्यानंतर अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात देशी घड्याळ घडवण्यात आले, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात ते बसवले गेले. जे ज्ञान विकत मिळत नाही ते कमवावे लागते, आणि जे विकत मिळते त्याची दुरुस्तीही विकणाऱ्याच्याच हाती राहते.

असे ज्ञान कमावण्याची कुवत या देशात नाही असे मुळीच नाही. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवला. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात अर्धवाहक लेसर तयार झाला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी फेमटोसेकंद लेसरच्या प्रखर स्पंदांनी पदार्थाची तप्त आयनद्रवासारखी अवस्था निर्माण करून तिच्यातील प्रचंड चुंबकीय क्षेत्रांचा अभ्यास करीत आले आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेत यटर्बियमच्या एकट्या आयनावर चालणारे प्रकाशीय घड्याळ घडवण्याचे काम हाती घेतलेले आहे. माणसे आहेत, संस्था आहेत; अभाव आहे तो धोरणाचा आणि पैशाचा.

भारताचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीनचा खर्च अडीच टक्क्यांच्या आणि दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या घरात आहे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये खर्चाची घोषणा झाली. परंतु त्यांपैकी सुमारे ३६ हजार कोटी शासनाबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून व देणगीदारांकडून यावयाचे आहेत. ज्याचा पैसा त्याचा अग्रक्रम, हा व्यवहाराचा नियम आहे. उद्योगाला लवकर विकता येईल तेच संशोधन हवे असते, आणि कोरडवाहू जमिनीच्या जस्ताला गिऱ्हाईक नसते.

तरीही बैठकीतला तो मूळ सवाल शिल्लक राहतोच. सार्वजनिक पैशाने विज्ञान वाढले, म्हणून त्याचे फळ आपोआप जनतेच्या पदरात पडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. फेमटोसेकंद लेसरने डोळ्यावर अतिशय नाजूक शस्त्रक्रिया करता येते. ती ज्याच्या खिशाला परवडते त्याचीच होते. औंढा नागनाथच्या वेधशाळेतही मुख्य उपकरणसंच अमेरिकेकडून येणार असून इमारती, निर्वात नळ्या व उभारणी भारताकडे आहे. त्या उभारणीतून येथील तंत्रज्ञ काय शिकतात, आणि ते शिक्षण मराठवाडा-विदर्भातील मुलांपर्यंत पोहोचते काय, यावर त्या २६०० कोटींचे सामाजिक मोल ठरेल. वेधशाळा नको, ही मागणी त्यामुळे चुकीची आहे. ती रद्द केल्याने वाचलेला पैसा कापसाच्या भावात पडेल, असा या देशाच्या अर्थसंकल्पांचा अनुभव नाही.

मागण्या वेगळ्या असाव्या लागतील. संशोधनाचा मुख्य भार शासनाने उचलावा, आणि त्याचे अग्रक्रम उघड चर्चेने ठरावेत. लेसर, वर्णपटमापक आणि घड्याळे येथे घडवणाऱ्या सार्वजनिक कार्यशाळा उभ्या राहाव्यात, आणि त्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना स्थान असावे. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत यंत्राबरोबर ते चालवणारा कायम तंत्रज्ञही असावा. कुलूपबंद यंत्र हे विज्ञान नव्हे. आणि खरेदी केंद्रावरील प्रत्येक मापयंत्राची शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसमक्ष तपासणी व्हावी.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना हा विचार परका वाटू नये. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. खेड्यातील स्त्रीला तो सहज चालवता यावा आणि खेड्यातच दुरुस्त व्हावा, अशी त्या यंत्राकडून अपेक्षा होती. त्या काळी एक लाख ही अल्प रक्कम नव्हती. गरीब माणसाच्या यंत्रासाठी उत्तम बुद्धी खर्ची पडली पाहिजे, हा आग्रह तीमागे होता. तोच आग्रह आज लेसरच्या आणि घड्याळाच्या बाबतीत धरावयाचा आहे. देवळी तालुक्यात हमीभावाचे पुढील मागणीपत्र लिहिले जाईल तेव्हा भावाच्या आकड्याखाली मापयंत्रांच्या तपासणीचे आणि माती प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचे कलमही घातले जावे. मोजणाऱ्या शास्त्रावर जनतेचा हक्क सांगण्याची सुरुवात तेथून होऊ शकते.