मराठी नाव आणि संगणकाचा रकाना

शिष्यवृत्तीचा असो, उत्पन्नाच्या दाखल्याचा असो वा सात-बाराच्या नकलेचा, आजचा बहुतेक अर्ज संगणकाच्या नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरच भरावा लागतो, आणि त्यातला पहिला रकाना बहुधा नावाचा असतो. या पहिल्याच रकान्यात कांबळे आडनावाच्या अर्जदाराने आपले नाव देवनागरीत लिहावे आणि खाली तांबड्या अक्षरांत ‘कृपया फक्त अक्षरे लिहा’ अशी सूचना उमटावी, हा प्रकार वेब-प्रणालींच्या बाबतीत इतका सर्रास घडतो की लोकांनी त्याविषयी तक्रार करणेही सोडून दिले आहे. ते मुकाट्याने इंग्रजी कळफलक उघडतात आणि आपले नाव रोमन लिपीत जसे जमेल तसे लिहून मोकळे होतात.

या नकाराचे कारण पाहण्याजोगे आहे. जगातील बहुतेक लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकात प्रत्येक चिन्हाचा एक वर्गही ठरवून दिलेला आहे. त्यानुसार क, ब, ळ ही ‘अक्षर’ या वर्गात मोडतात, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही ‘खूण’ या निराळ्या वर्गात पडतात. नाव तपासण्यासाठी प्रोग्रामर जे सूत्र लिहितात, ज्याला ते आपसांत रेजेक्स म्हणतात, त्यात केवळ पहिल्या वर्गाचा उल्लेख असला की कमल आणि मदन यांना प्रवेश मिळतो, पण कांबळे, पवार आणि देशमुख दाराबाहेर राहतात. दुसऱ्या वर्गाचा उल्लेख करण्यास त्या सूत्रात अवघ्या पाच चिन्हांची भर घालावी लागते, आणि ही सोय जावास्क्रिप्ट या वेबच्या संगणकभाषेच्या प्रमाणकात 2018 पासून उपलब्ध आहे. म्हणजे अडचण साधनांच्या अभावाची नाही. प्रणाली लोकांच्या हाती देण्यापूर्वी कोणीही तिच्यात एक साधे मराठी आडनाव घालून पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ होतो. आणि म्हणूनच माझे असे आग्रहाचे प्रतिपादन आहे की महाराष्ट्रातील नागरिकांसाठी बनणाऱ्या प्रत्येक वेब-प्रणालीची कसोटी मराठी नावांनी घेतली जावी, आणि सरकारी कामात तर ही शर्त निविदेतच लिहिली जावी.

नाव स्वीकारले गेले म्हणजे सर्व निभावले, असेही नाही. ‘ज्योत्स्ना’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी ते दहा चिन्हांचे आहे, आणि यूटीएफ-8 या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीने साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन याप्रमाणे त्याला तीस बाइट लागतात. आता ऑरॅकलच्या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी, वेगळे सांगितले नाही तर, बाइटांत मोजली जाते आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती चिन्हांत मोजली जाते. तेव्हा इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून कोणी पन्नासाचा रकाना आखला असेल, तर पहिल्या ठिकाणी त्यात देवनागरीची जेमतेम सोळा चिन्हे मावतील. मुलांच्या नावात आईचेही नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला, तो सर्वथा उचित होता. पण मुलाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा चार पदांचे पूर्ण नाव एकाच सोळा चिन्हांच्या रकान्यात कसे बसणार? अशा वेळी काही प्रणाली नाव नाकारतात आणि काही ते मध्येच तोडतात. आठव्या चिन्हावर तोडलेली ज्योत्स्ना ‘ज्योत्स्’ होते, आणि हा लटकता हलन्त ओळखपत्रावर छापला जातो. वास्तविक अक्षराच्या मध्ये न तोडता मजकूर कोठे तोडावा याचे नियमही युनिकोडने घालून दिले आहेत, 2023 च्या 15.1 या आवृत्तीत तर देवनागरीतील जोडाक्षरे एकसंध राखण्याची तरतूद त्यांत मुद्दाम करण्यात आली, आणि त्या नियमांनुसार चालणारे साधन आज सर्व प्रमुख ब्राउझरांत अंगभूत आहे.

यापेक्षा सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक असा दोष शोधाचा आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे या आडनावांतील अर्धा र संगणकावर दोन वाटांनी उमटवता येतो: एक तर नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडक चिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही रूपे तंतोतंत सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत. नोंद करणाऱ्या कारकुनाने एका कळफलकावरून एक रूप लिहिले आणि चार वर्षांनी अर्जदाराने मोबाइलवरून दुसरे लिहिले, की पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते, आणि अर्जदार बाईंना आपली नोंद अस्तित्वातच नाही असे वाटून त्या पुन्हा तहसील कचेरीची वाट धरतात. ‘ॲड.’मधल्या ॲचीही तीच कथा. ते अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्यामुळे जुन्या दप्तरात ते अ आणि चंद्र यांच्या जोडीने लिहिलेले सापडते. बहुतेक संगणकभाषांत एकाच मजकुराची भिन्न रूपे एक करणारे तयार साधन असते, परंतु ते या दोन्ही उदाहरणांपर्यंत पोहोचत नाही. तेथे नियम आपणच लिहावा लागतो, आणि मराठी जाणणाऱ्या प्रोग्रामरला तो लिहिणे मुळीच अवघड नाही: अर्जदाराने लिहिलेले नाव जसेच्या तसे जतन करावे, शेजारी शोधापुरता दुसरा रकाना ठेवून त्यात सर्व रूपे एकाच रूपात आणावीत, आणि शोधासाठी आलेल्या शब्दालाही तोच नियम लावून मग तुलना करावी.

नावांच्या याद्यांच्या क्रमाविषयी थोडक्यात सांगतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून केवळ क्रमांकांवरून लावलेल्या यादीत पळसुले हे पवारांच्या आधी जातात आणि क्षीरसागर क च्या गर्दीत हरवतात. मराठी वर्णक्रमाचे नियम युनिकोडसोबतच्या भाषाविषयक माहितीसाठ्यात आहेत, आणि पोस्टग्रेसने 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून ते वापरण्याची मुभा दिली आहे. अंकांचेही असेच आहे. पायथन या भाषेला १२३ हा आकडा निमूटपणे कळतो, जावास्क्रिप्टला तो संख्या वाटतच नाही. तेव्हा देवनागरी अंकांत लिहिलेला भ्रमणध्वनी क्रमांक परत पाठवण्याऐवजी तो आपणच इंग्रजी अंकांत बदलून घेणे हे प्रणालीचे कर्तव्य आहे, अर्जदाराचे नव्हे.

हे सारे तपशील क्षुल्लक मानणाऱ्यांनी त्यांचा पुढचा प्रवास पाहावा. मराठी रकान्याने नाकारलेले नाव रोमन लिपीत गेले, की एका कागदावर एक स्पेलिंग होते आणि दुसऱ्यावर दुसरे. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रात नावबदलाची जाहिरात, आणि त्या मुदतीत निसटून गेलेला प्रवेश. हा भुर्दंड भरतो तो शेतमजुराचा मुलगा किंवा विधवा निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारी बाई. ज्याने सूत्र अपुरे लिहिले, त्याला याची वार्ताही लागत नाही. मला याचा राग येतो, आणि तो अधिक येतो तो अशासाठी की या प्रणाली लिहिणारे अनेक जण पुण्या-मुंबईत मराठी बोलत वाढलेले आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या घरात एखादी ज्योत्स्ना वा एखादे गोऱ्हे असतील.

उपाय एका पानाचा आहे. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संगणन संस्थेने देवनागरीच्या संगणकीय लेखनाचे काम पुण्यातूनच दीर्घकाळ केले आहे, आणि राज्य मराठी विकास संस्था ही शासनाचीच संस्था आहे. या दोघांनी मिळून मराठी नावे, गावे आणि पत्ते यांची एक कसोटी-यादी प्रसिद्ध करावी, जिच्यात जोडाक्षरे, दोन्ही प्रकारचा अर्धा र, जुना आणि नवा ॲ, ळ, देवनागरी अंक आणि चार पदांची लांब नावे असतील, आणि प्रत्येक नोंदीपुढे प्रणालीकडून कोणता परिणाम अपेक्षित आहे तेही लिहिलेले असेल. ही यादी कोणालाही विनामूल्य घेता यावी, संगणकाने आपोआप चालवता येईल अशा स्वरूपात ती असावी, आणि शासकीय कंत्राटाचे अखेरचे देयक यादीतील सर्व नोंदी उत्तीर्ण झाल्याशिवाय मंजूर होऊ नये. राहून गेलेले नाव सुचवण्याचा मार्ग नागरिकांना खुला ठेवावा, आणि प्रणालीत होणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तीच यादी पुन्हा चालवावी.