रत्ना घाबरली नाही

रोहेना गेरांच्या ‘सर’ (२०१८) या सिनेमाबद्दल मित्रांची एक तक्रार ठरलेली असते: अश्विन तर तयार होता, रत्नाच घाबरली!

मला हे अजिबात पटत नाही. अश्विन तयार होता, कारण त्याचं फारसं काही पणाला लागलेलं नव्हतं. तिलोत्तमा शोमने साकारलेली रत्ना ही गावाकडची तरुण विधवा. मुंबईत त्याच्या फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते, बहिणीच्या शिक्षणाला पैसे पुरवते, शिवणकाम शिकते, फॅशन डिझायनर व्हायची स्वप्नं बघते. हे प्रेम फसलं तर त्याचं मन मोडेल. तिचं मात्र छप्पर, पगार आणि गावातली अब्रू एकदमच जाईल. ज्याच्या हातून पगार घ्यायचा, त्याला मोकळेपणाने ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. म्हणून ती आधी नोकरी सोडते. शेवटी फोनवर ‘सर’ऐवजी ‘अश्विन’ म्हणते, तेव्हा ती त्याची कामवाली राहिलेली नसते. याला घाबरणं म्हणायचं?

आपण आयटीवाले मॅनेजरला पहिल्याच दिवशी नावाने हाक मारतो आणि स्वतःला फार पुढारलेले समजतो. पण घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं नाव किती जणांना माहीत आहे? ‘त्या घरच्यासारख्याच’ म्हणायचं आणि चहा द्यायचा वेगळ्या कपात.

सिनेमात ‘काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी तो कप बघावा.